एकशेपाच अंशांचा साहेब

आमच्या संस्थेच्या फाटकापासून कूटखोलीपर्यंत चोपन्न पायऱ्या. मुळांनी भरलेलं पोतं पाठीवर घेऊन त्या चढायच्या. चौतीस वर्षांत साहेब त्यातली एकही पायरी पोतं घेऊन चढला नाही. हे आधी सांगते, कारण त्याच्याबद्दल पेपरात जे जे छापून आलं, त्यात हे कुठेच नाही.

मी कूटखोलीत कामाला होते. झाडपाला निवडायचा, धुवायचा, चिरायचा, वाळवायचा, कुटायचा, चाळायचा, बरणीत भरून चिठ्ठी लावायची आणि एक मजला खाली प्रयोगशाळेत नेऊन द्यायची. तिथे साहेब बसायचा. आपल्याच डोंगरात, माळावर आपोआप उगवणाऱ्या झाडांची जी औषधं जुने लोक करत, ती खरंच लागू पडतात का, हे शोधायला त्याला नेमलं होतं. काम चांगलं होतं. माणूस त्या मापाचा नव्हता.

तो आला तेव्हा सव्वीसचा होता, मी बावीसची. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "मावशी, जरा पाणी मिळेल का?"

मी म्हटलं, "साहेब, तुमची मावशी व्हायला मला अजून तीसेक वर्षं लागतील."

तो हसला नाही. पाणी प्यायला आणि भांडं तिथेच ठेवून गेला. माझं नाव मावशी पडलं ते पडलंच. पुढे शिपायापासून मोठ्या साहेबापर्यंत सगळे तेच म्हणू लागले.

त्याच्याकडे नऊ जुन्या वह्या होत्या. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका दवाखान्यातल्या. त्यात एकशे अठ्ठावीस औषधं लिहिलेली. अक्षर असं, की मुंग्या शाईत बुडून कागदावर फिरल्या असाव्यात. साहेबाला ते लागेना. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. बायको हुशार, धीराची. तिने भिंगाखाली एकेक ओळ लावली आणि सगळ्या वह्या स्वच्छ अक्षरात उतरवून दिल्या. दीड वर्ष लागलं तिला. साहेबाने त्या उतरवलेल्या वह्यांवरून एक तक्ता केला. झाडाचं नाव, कोणता भाग, किती वजन, किती पाणी. तक्ता भिंतीवर लावला. पाहुणे आले की तो तक्त्याजवळ उभा राहायचा. बायकोच्या वह्या कपाटात गेल्या.

पण हा तक्ता नंतरचा. पहिल्या वर्षी वहिनी जसजसं उतरवून देत होत्या तसतसं तो मला वाचून दाखवायचा आणि मी तसंच करायची. पानं सावलीत चार दिवस, साल सहा दिवस, मूळ नऊ दिवस. जाळीच्या चौकटीवर पातळ पसरायचं, सकाळ-संध्याकाळ उलटायचं. मग खलात कुटायचं. मूळ कुटायला लागले की दुपारपर्यंत खांदा भरून यायचा. वर्षभरात पाच औषधं झाली. साहेब खाली काचेच्या ताटलीत जंतू वाढवायचा आणि त्यावर आमच्या औषधाचा थेंब ठेवायचा. औषध लागू असेल तर थेंबाभोवतीचे जंतू मरून स्वच्छ गोल दिसायचा. पाचांपैकी तिघांना गोल आला. तो गोल मी डोळ्यांनी पाहिला आहे.

वर्ष संपलं तेव्हा मोठ्या साहेबाने त्याला बोलावलं. दार उघडं होतं, मी बरण्या घेऊन बाहेर उभी.

"पाच? वर्षात फक्त पाच?"

"सर, वाळवायलाच फार दिवस जातात."

"म्हणजे एकशे अठ्ठावीस व्हायला पंचवीस वर्षं. तोपर्यंत तुम्हीच वाळाल."

साहेब बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. पुढच्या आठवड्यात भट्टी आली.

भट्टी म्हणजे विजेवर चालणारं लोखंडी कपाट. ती खरं तर पाल्यात पाणी किती आहे हे काढायला असते. चिमूटभर पाला एकशेपाच अंशांवर ठेवायचा, वजन उतरायचं थांबलं की हिशेब लागतो. मग ती चिमूट फेकून द्यायची, ती कामाची राहत नाही. साहेबाला वाटलं, चिमूटच कशाला? सगळाच पाला घालावा. दुपारी घातला की सकाळी कोरडा ठणठणीत. शिवाय प्रत्येक औषध एकाच कोरडेपणावर आलं की तक्त्यातले आकडे एका सरळ रेषेत बसतात. त्या सरळ रेषेचं त्याला फार कौतुक होतं.

"किती अंश, साहेब?" मी विचारायची.

"एकशेपाच."

"पानाला?"

"एकशेपाच."

"फुलाला?"

"मावशी, एकदा सांगितलं ना? सगळ्याला एकशेपाच."

तेव्हापासून आम्ही खालच्या पगाराची माणसं त्याला एकशेपाच म्हणायला लागलो. त्याला ते कधीच कळलं नाही. खालचं काहीच त्याला कळत नसे.

खोटं कशाला बोलू, भट्टी आली तेव्हा मलाही बरं वाटलं. उलटापालट गेली, चौकटी धुणं गेलं. भट्टीतून निघालेलं मूळ बिस्किटासारखं मोडायचं, चार ठोक्यांत भुगा. वास मात्र राहायचा नाही. कडू मुळं, उग्र पानं, नाक झोंबवणाऱ्या साली, सगळ्यांना एकच वास, जळक्या पुठ्ठ्याचा. हे मी रोज हुंगत होते आणि गप्प होते. नोंदवहीत "पद्धतीप्रमाणे तयार केले" या छापील ओळीसमोर सही करत होते. आयतं मिळालं की मीही त्याच जातीची.

सहा वर्षांत एकशे अठ्ठावीस औषधं झाली. पहिली पाचही त्याने पुन्हा करवून घेतली, भट्टीतून. एकालाही गोल आला नाही. त्या पहिल्या तिघांचं काय, असं मी विचारलं तर म्हणाला, "तेव्हा तुमचा हात बसला नव्हता, मावशी. काहीतरी मिसळलं असणार."

यश आलं तर ती माझी घाण. अपयश आलं तर तो त्याचा शोध.

आणि त्या शोधावर तो मोठा झाला. जुनी औषधं म्हणजे थोतांड, हे सांगणारा माणूस सगळ्यांना हवा असतो. जुने लोक मूर्ख होते म्हटलं की ऐकणाऱ्याला फुकटात शहाणं झाल्यासारखं वाटतं. व्याख्यानं सुरू झाली. पेपरात फोटो आले, हातात भिंग, मागे तक्ता. पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं त्याने तीच औषधं वेगवेगळ्या जंतूंवर पुन्हा पुन्हा तपासली. पाला मी आणायचा, भट्टीत मी घालायचा, आणि 'नाही' त्याने म्हणायचं.

एकदा संस्थेच्याच सभागृहात व्याख्यान होतं. रानातून पाला गोळा करून आम्हाला विकणारी म्हातारी मागे उभी होती. व्याख्यान संपल्यावर तिने हात वर केला.

"साहेब, खडकवेलीच्या मुळाने माझ्या लेकाच्या पायाची जखम भरली होती."

"आजी, किती दिवसांत भरली?"

"पंधरा-वीस दिवस लागले."

"काही न लावता तेवढ्याच दिवसांत भरली असती. धुवायला साधं पाणी होतं ना घरात?"

सभागृह हसलं. म्हातारीही हसली, कारण सगळे हसत होते. नंतर पोतं माझ्या हातात देताना म्हणाली, "तुमचे साहेब फार शिकलेत का गं?"

मी म्हटलं, "फार. अजून शिकायचे थांबले नाहीत, कारण सुरूच केलं नाही."

निवृत्तीला पाच महिने राहिले तेव्हा त्याच्या पुस्तकाचं पक्कं झालं. एकशे अठ्ठावीस औषधं, एकशे अठ्ठावीस निकाल. संस्था ते आपल्या नावाने काढणार, आणि पुढे या विषयावर कुणी पैसा आणि वेळ घालवायचा नाही असं त्यावरून ठरणार. त्याच्या सगळ्या जन्माचं काम त्या एका पुस्तकात होतं. दुसरं त्याने काही केलंच नव्हतं. छापायला देण्याआधी खडकवेलीच्या मुळाची एक शेवटची चाचणी राहिली होती, अठ्ठ्याऐंशी नंबरची. आणि भट्टी बंद पडली.

दुरुस्तीला तीन आठवडे लागणार होते. साहेब रोज वर यायचा. चौतीस वर्षांत आला नसेल तेवढा त्या दिवसांत आला.

"वाळलं का?"

"पाचवा दिवस आहे, साहेब."

"पंखा लावा."

"लावला तर वरून वाळेल, आत ओल राहील."

"मावशी, तुम्ही मला शिकवू नका."

"नाही शिकवत. तुम्ही नऊ दिवस थांबा, मूळच शिकवेल."

नऊ दिवसांनी मी मूळ कुटलं. पहिल्या ठोक्यालाच असा वास उठला की डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत मी तो वास विसरले होते. बरणी खाली दिली. तिसऱ्या दिवशी साहेबाने मला बोलावलं. टेबलावर ताटली होती, आणि थेंबाभोवती गोल. नखाएवढा नव्हे, मोठ्या नाण्याएवढा.

तो म्हणाला, "चाळणी धुतली होती का?"

"धुतली होती."

"खल?"

"खलही."

"मग हात?"

मी हात पुढे केले. "बघा. साबणाने पांढरे पडलेत. तुमच्या ताटलीतले जंतू माझ्या हाताने मरत असते तर मी इथे खलात कुटत बसले नसते."

त्याने ऐकलं नाही. भट्टी दुरुस्त होऊन आली तशी त्याने तेच मूळ तीनदा करवून घेतलं. तीनदा गोल नाही. साहेबाचा चेहरा खुलला. "तीन विरुद्ध एक," म्हणाला. "झालं."

मी म्हटलं, "साहेब, तीनदा भाजलंत, तीनदा मेलं. त्यात विरुद्ध काय आलं?"

नेमक्या त्याच वेळी वहिनी दारात उभ्या होत्या. साहेब चष्मा घरी विसरला होता, तो द्यायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "भाजलं म्हणजे?"

मी सांगितलं. सगळं. भट्टी, अंश, बत्तीस वर्षं. साहेब मध्ये मध्ये "तसं नाही" म्हणत होता, पण कसं आहे ते काही सांगत नव्हता.

वहिनी ऐकून घेऊन म्हणाल्या, "अहो, वहीत तर 'सावलीत वाळवून' असं आहे."

"ते सगळीकडेच आहे. प्रत्येक औषधाला तेच. म्हणून तक्त्यात घेतलं नाही. जुन्या लोकांची लिहायची सवय ती."

"सवय?" वहिनींनी चष्मा टेबलावर ठेवला. "मी एकशे अठ्ठावीस वेळा 'सावलीत वाळवून' लिहिलंय. हाताला घट्टे पडले माझ्या. प्रत्येक वेळी वाटायचं, हे पुन्हा कशाला लिहायचं? आणि मग वाटायचं, त्या बिचाऱ्याने दोनशे वर्षांपूर्वी न कंटाळता लिहिलंय, मग काहीतरी असेल. आणि तुम्हाला नुसतं वाचायचा कंटाळा आला?"

साहेब खुर्चीत बसला. त्याला कळलं. मी त्याचा चेहरा बघत होते, त्याला पुरतं कळलं. मग मला म्हणाला, "मावशी, सगळी पुन्हा करायची तर किती दिवस?"

"माझ्या एकटीच्या हातांनी? पंचवीस वर्षं. हे मोठ्या साहेबांनी तेव्हाच सांगितलं होतं. चार माणसं द्याल तर सहा."

त्याच्याकडे चार महिने होते.

त्याचं एक मात्र सांगितलं पाहिजे. त्याने प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी बाह्या वर करून कूटखोलीत आला. म्हणाला, दहा औषधं तरी मी स्वतः करतो, मग पुस्तकात खरं काय ते लिहितो. मी त्याला एक पोतं निवडायला दिलं. पहिल्या दिवशी त्याने माती झटकताना मुळाची सालच खरवडून काढली. औषध सालीतच असतं. दुसऱ्या दिवशी कंबर धरून बसला. तिसऱ्या दिवशी मी जेवून आले तर त्याच्या चौकटी गच्चीवर रणरणत्या उन्हात.

"हे काय, साहेब?"

"तेवढंच दोन दिवस वाचतील."

बत्तीस वर्षांची चूक कळून तीन दिवस झाले होते, आणि तो तीच चूक गच्चीवर नेऊन करत होता. मी चौकटी आत आणल्या, त्यातली मुळं कचऱ्यात टाकली. चौथ्या दिवशी तो वर आला नाही. पुन्हा कधीच आला नाही.

पुस्तक छापायला निघालं. तेच एकशे अठ्ठावीस 'नाही'. सुरुवातीला एक पान असतं, नमुने कुणी आणि कसे तयार केले त्याचा दाखला. तो टाइप करून माझ्याकडे पाठवला. "नमुने मूळ वह्यांत सांगितल्याप्रमाणे मी तयार केले आहेत." खाली माझ्या सहीची जागा. मी तो कागद घेऊन खाली गेले.

"हे खरं नाही, साहेब."

"नोंदवहीत इतकी वर्षं सही केलीच आहे ना? ही अजून एक."

हे बरोबर होतं. त्याचं एवढंच वाक्य मला लागलं. मी म्हटलं, "तेव्हा वहीत काय लिहिलंय ते मला आठवत नव्हतं, आणि मी आठवायचा प्रयत्नही केला नाही. आता वहिनींनी आठवण करून दिली. आता नाही करणार."

"मावशी, माझ्याकडे दुसरं काही नाही. हे गेलं तर चौतीस वर्षं मी काय केलं?"

याचं उत्तर त्याला माहीत होतं. मी कागद टेबलावर ठेवला आणि वर आले.

पुस्तक आलं. मी उघडून ते पान पाहिलं. वाक्य तेच होतं. "नमुने मूळ वह्यांत सांगितल्याप्रमाणे मी तयार केले आहेत." खाली सही साहेबाची. ज्याने जन्मात तीन दिवस माती झटकली, त्याने छापून टाकलं की एकशे अठ्ठावीस औषधं मीच निवडली, धुतली, कुटली. निरोप समारंभात तेव्हाचे मोठे साहेब म्हणाले, केवढे हे कष्ट! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खुर्च्या उचलायला थांबले होते.

चार वर्षांनी मीही निवृत्त झाले. त्यानंतर वर्षभरात वहिनी माझ्या घरी आल्या. दुसऱ्या एका प्रयोगशाळेने खडकवेलीचं मूळ सावलीत वाळवून तपासलं होतं. गोल आला होता. त्यांनी संस्थेला विचारलं, तुमच्या पुस्तकात 'नाही' कसं? संस्थेने साहेबाला बोलावलं.

"त्यांनी विचारलं, हे सगळं तुम्ही स्वतः तयार केलंत?" वहिनी सांगत होत्या. "हे म्हणाले, हो. मग विचारलं, कूटखोलीत मदतीला कोण होतं? हे म्हणाले, कुणी नाही."

"कुणी नाही?"

"तुमच्यावर काही येऊ नये म्हणून म्हणाले ते. मला तसंच सांगितलं. सगळा दोष स्वतःवर घेतला. पुस्तक मागे घेतलंय संस्थेने, भिंतीवरचा फोटोही उतरवलाय."

"वहिनी, माझ्यावर काय येणार होतं? निवृत्त बाईला कोण फाशी देतं? खरं सांगितलं असतं तर सही कुणी आणि का केली नाही, तेही सांगावं लागलं असतं."

वहिनी साहेबाची बाजू घ्यायला आल्या होत्या, पण बाजू घेण्याची त्यांनाच लाज वाटत असावी. मग पर्समधून एक चिठ्ठी काढली. त्या प्रयोगशाळेला बाकीची औषधंही करून बघायची होती, त्यासाठी साहेबाकडून आणखी माहिती हवी होती. फळीवर पसरायचं की जाळीवर? चाळणी किती बारीक? धुण्याआधी साल सोलायची की नंतर? साहेबाला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याने बायकोला माझ्याकडे पाठवलं होतं.

मनात आलं, नाही सांगत. पण माणसं मूळ खणून आणणार, आणि ती फळीवर ठेवली तर खालून बुरशी धरणार. मी सांगितलं. जाळीवर. बोटभर अंतर सोडून. साल सोलायचीच नाही, ब्रशने घासायची. चाळणी रव्याची नको, मैद्याचीही नको, मधली. वहिनींनी सगळं त्या जुन्या सुरेख अक्षरात लिहून घेतलं.

"खाली काय लिहू? कुणी सांगितलं म्हणून?" त्यांनी विचारलं.

"पत्र ते पाठवणार ना? त्यांनाच ठरवू द्या."

आठवड्याने वहिनींचा फोन आला. पत्र गेलं होतं. मी विचारलं, शेवटी काय लिहिलं? त्यांनी वाचून दाखवलं, "वरील माहिती आमच्या कूटखोलीतून मिळाली."

म्हणजे 'कुणी नाही'वरून माझी बढती होऊन मी खोली झाले.